भाचीने 'फन होम' वाचायला दिलंय, आता तिच्याशी काय बोलू?

मावशी_डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी, मी एरवी इथे पाककृती आणि गच्चीवरच्या कुंड्या सोडून फारसं कुठे लिहीत नाही, त्यामुळे धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की माझी भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी, वय २२, पुण्यात शिकते, दिवाळीत चार दिवस आमच्याकडे होती. जाताना चपला घालता घालता सॅकमधून एक पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, मावशी हे वाच, घाई नाही, फक्त आईला देऊ नकोस. तेवढ्यात लिफ्ट आली आणि गेली पण. मी दारात पुस्तक घेऊन उभी.

उघडून बघते तर चित्रंच चित्रं! माझी कॉमिक्सची धाव चाचा चौधरी आणि इंद्रजालचा वेताळ इथपर्यंतच. वाटलं हलकंफुलकं असेल, आणि नावही 'फन होम'. वाचायला घेतलं ते सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धं टेकून. दोन-तीन दिवस ठीक चाललं होतं आणि एका सकाळी पान उलटलं तर दोन मुली, अंगावर कपडा नाही. शेजारची बाई मटार सोलत होती तिचा हात थांबला. मी पुस्तक असं काही मिटलं की खूण ठेवायची राहिली. तेव्हापासून घरीच वाचते, रात्री सगळं आवरल्यावर.

आता वाचून झालंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अ‍ॅलिसन बेक्डेल नावाच्या अमेरिकन बाईंनी स्वतःच्या घराबद्दल लिहिलंय आणि स्वतःच काढलंय, २००६ मध्ये आलं. पेनसिल्व्हेनियातलं बीच क्रीक नावाचं आठशे वस्तीचं गाव. वडील शाळेत इंग्रजी शिकवतात आणि शिवाय घरचा धंदा म्हणून फ्युनरल होम चालवतात, म्हणजे माणूस गेला की त्याला तिथे आणायचं, शरीर टिकायचं औषध भरून, कपडे घालून नीट करायचं आणि मग लोकांनी शेवटचं बघून जायचं. पोरांनी फ्युनरल होमचं केलेलं लाडाचं नाव म्हणजे फन होम. आपल्याकडे साधी तिरडी बांधताना पोरांना शेजारच्यांकडे पाठवतात, इथे पोरं त्याच जागेत खेळतात. तर ही मुलगी कॉलेजात गेल्यावर १९ व्या वर्षी घरी पत्र पाठवून कळवते की मी लेस्बियन आहे. त्यावर आई फोनवर सांगते की तुझ्या वडिलांचेही पुरुषांशी संबंध होते, आधीपासून. आणि त्या पत्रानंतर चारेक महिन्यांत वडील ट्रकखाली येऊन जातात. वय ४४. अपघात की आत्महत्या ते नक्की कळत नाही, मुलीला वाटतं आत्महत्याच.

मला पुस्तक आवडलं का? आवडलं म्हणवत नाही, पण डोक्यातून जात नाहीये. मध्ये मध्ये कुठल्या कुठल्या परदेशी लेखकांची नावं येतात, ग्रीक पुराणातला तो पंख लावून उडणारा मुलगा येतो, ते सगळं माझ्या डोक्यावरून गेलं.

माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. हे पुस्तक तिने मला का दिलं असेल? मी जे समजतेय तेच का? की नुसतंच चांगलं पुस्तक म्हणून दिलंय आणि मी उगाच शेपटीला धरून हत्ती बनवतेय? आणि आईला देऊ नको म्हणाली त्याचं काय करू, बहीण रोज फोन करते हो मला. थेट विचारू का तिला? कुणी वाचलं असेल, किंवा घरात असं काही झालं असेल तर सांगा. टिंगल करणाऱ्यांनी कृपया दुसऱ्या धाग्यावर जावं.

फोडणी

मावशी, मटारवालीला पण द्यायचं ना वाचायला, अर्धं तर तिने वाचलंच होतं 😄

(टिंगल नाही हो, मी वाचलेलं नाही पण धागा वाचतेय.)

कुंचला

वा, या पुस्तकावर मराठीत कुणीतरी बोलतंय म्हणून लॉगिन केलं, कितीतरी दिवसांनी. मी चित्रकलेचा शिक्षक, त्यामुळे मला भाचीचं वगैरे काही सांगता येणार नाही, मी फक्त चित्रांबद्दल बोलेन, चालत असेल तर वाचा.

हे पुस्तक करायला बाईंना सात वर्षं लागली. का लागली ते कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. चित्रातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक पोजसाठी त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि फोटो काढून त्यावरून चित्र काढलं. म्हणजे बाप उभा असेल तर बाप म्हणून त्याच उभ्या, आई असेल तर आई म्हणून, लहानपणीची स्वतः म्हणूनही त्याच. विचार करा, ज्या बापाने आयुष्यभर काही सांगितलं नाही त्याच्यासारखा हात कमरेवर ठेवून उभं राहायचं, एकदा नाही, शेकडो वेळा. मी मुलांना सांगतो की एखाद्याचं बसणं काढायचं असेल तर आधी तसं बसून बघा, पण हे म्हणजे त्याची हद्द झाली.

दुसरं म्हणजे रंग. काळ्या रेषेवर फक्त एक हिरवट निळसर पातळ वॉश आहे, बाकी रंग नाही. जुन्या घरात ओल आलेल्या भिंतीचा रंग असतो ना, मला तरी तो तसाच दिसतो. आणि ते घर, १८६७ चं जुनं गॉथिक धाटणीचं, बापाने स्वतःच्या हाताने पॉलिश करून, वॉलपेपर लावून, नक्षी बसवून उभं केलेलं. पोरांना त्या घरात बसायची भीती, कारण काही फुटलं की बाप फुटणार. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटावं काय सुंदर संसार आहे.

आता तिसरी गोष्ट, ही नीट बघा. सगळी चित्रं साध्या कार्टूनसारख्या रेषेत आहेत, पण जिथे जिथे खरा फोटो येतो तिथे चित्राची पद्धतच बदलते, बारीक बारीक रेघा मारून मारून तो फोटो हाताने उतरवलेला आहे. पुस्तकाच्या बरोबर मध्यावर दोन पानं भरून असाच एक फोटो आहे, पोरांना सांभाळायला ठेवलेल्या रॉय नावाच्या मुलाचा, हॉटेलच्या पलंगावर पहुडलेला. वडील गेल्यावर बाईंना घरात सापडलेला. आणि तो फोटो धरलेला हात पण काढलाय, बोटं जवळजवळ खऱ्या मापाची, म्हणजे आपलं पुस्तक धरलेलं बोट आणि तिचं बोट शेजारी शेजारी येतात. मी त्या पानावर अर्धा तास होतो.

आणि डायरी! दहा वर्षांची असताना रोजची डायरी लिहायला लागली, पहिले शब्द बापानेच लिहून दिलेले, तिला सुरुवात करून द्यायची म्हणून. पुढे पुढे पोरीला प्रत्येक वाक्यानंतर 'मला वाटतं' असं बारीक अक्षरात लिहावंसं वाटायला लागलं, कारण आपण लिहितो ते खरंच खरं आहे का याची खात्री नाही. मग त्याचं एक चिन्ह केलं, आपलं हंसपद असतं ना साधारण तसं, आणि ते आधी शब्दांवर, मग माणसांच्या नावांवर, मग अख्ख्या पानावर. ज्या घरात काहीच उघड बोलत नाहीत तिथल्या पोराला असंच होणार की.

मावशी, तुम्ही कुठल्या पानावर सगळ्यात जास्त थांबलात ते सांगाल का? हे मी नेहमी विचारतो सगळ्यांना.

तिरपागडा

मी वाचलंय. आणि सगळे एवढी स्तुती करतात तर मला जे खटकलं ते लिहितो, मग हाणा.

हा बाप शिक्षक आहे. विद्यार्थ्यांना गाडीत घालून फिरवतो, घरी बोलावतो, पुस्तकं देतो, आणि पुढे काय ते तुम्ही वाचलंच आहे. एका अल्पवयीन मुलाला बिअर दिली म्हणून कोर्टापुढे उभा राहिला, तिकडे देशात वॉटरगेटचं राजकीय प्रकरण चाललेलं आणि इकडे हे, आणि शिक्षा काय तर सहा महिने मानसोपचार. त्या पोरांचं काय झालं पुढे, त्यांच्याबद्दल पुस्तकात किती पानं आहेत? समलिंगी असणं हा गुन्हा नाही हे मला १००% मान्य आहे, आधीच सांगतो नाहीतर लगेच शिक्के मारायला येतील लोक. पण मास्तरने हाताखालच्या पोरांना नादी लावणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बाई असो की पुरुष, सगळ्यांना सारखीच लागू. पुस्तकात या दोन गोष्टींची गल्लत होते, निदान वाचणाऱ्यांची तरी होते, आणि बिचारा बाप कोंडला होता म्हणून सगळे हळहळतात.

मावशींच्या प्रश्नाबद्दल, थेट विचारा. आडून आडून किती दिवस खेळणार. मराठी माणसाला सरळ बोलायचं वावडं का असतं कळत नाही.

मुक्कामपोस्ट

तिरपागडा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मलाही तो भाग वाचताना त्रास झाला. पण पुस्तक त्याला सोडतं असं मला वाटत नाही. कोर्टाचं प्रकरण लपवलेलं नाही, घरातली मारहाण, आदळआपट लपवलेली नाही. मुलगी एका ठिकाणी स्वतःलाच पकडते की आपण बापाला 'गे' म्हणतो तेव्हा तो आपल्यासारखा होता असं मानायची आपल्यालाच हौस आहे की काय. हळहळ आणि माफी एकच नव्हे. हां, त्या पोरांची बाजू पुस्तकात नाही, हे मान्य.

आता मावशी, तुमच्यासाठी. मी ५४ वर्षांचा आहे, गे आहे, इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे.

१९९६ मध्ये मी नोकरीला मुंबईत आणि वडील सांगलीत. आमचे अण्णा बांधकाम खात्यात हेडक्लार्क, पत्राला उत्तर द्यायची त्यांची एक पद्धत होती, मुद्देसूद. माझ्या पत्रातल्या गोष्टींना नंबर घालायचे आणि एकेकाला उत्तर. तर मी एका अंतर्देशीयमध्ये पैसे पाठवल्याचं, खोलीच्या भाड्याचं, आत्याच्या गुडघ्याची चौकशी असं सगळं लिहून शेवटी चार ओळींत लिहिलं की मी लग्न करणार नाही आणि का करणार नाही. चार ओळी लिहायला चार महिने लागले होते. दहा दिवसांनी उत्तर आलं. मुद्दा १, पैसे मिळाले. मुद्दा २, भाडे जास्त आहे, मालकाशी बोल. मुद्दा ३, आत्याला आराम आहे, रोज तेल लावते. मुद्दा ४, वाचला.

बस. 'वाचला'. पुढे भडंग कुणाबरोबर तरी पाठवतो आहे, डबा परत पाठवणे.

ते २०११ मध्ये गेले. त्या एका शब्दाचा अर्थ मी पंधरा वर्षं लावत बसलो होतो. कधी वाटायचं वाचला म्हणजे कळलं, आता पुढे बोलू नकोस. कधी वाटायचं, समजला म्हणाले असते तर खोटं झालं असतं, समजला नव्हताच, म्हणून खरं तेवढं लिहिलं. 'फन होम' वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी हाच उद्योग करताना दिसलं, बापाच्या पत्रांतल्या ओळी, त्याने वाचायला दिलेली पुस्तकं, पुस्तकातल्या खुणा, सगळं उलटंपालटं करून तो नक्की काय म्हणत होता ते शोधणं. तुम्हाला ती लेखकांची नावं डोक्यावरून गेली म्हणता, जाऊ द्या, ती सगळी वाचलेली असायची गरज नाही. त्या घरात बापाला आणि मुलीला एकमेकांशी बोलायला दुसरी भाषाच नव्हती, एवढं कळलं की झालं. तो मरायच्या आधी काम्यूची कादंबरी वाचत होता म्हणून ती त्यात कारण शोधते. आपला बाप गेल्यावर आपण त्याच्या खिशातली बसची तिकिटं बघतो, तसंच.

आणि आठवा, बाप तिला कोलेतचं आत्मचरित्र वाचायला देतो. फ्रेंच लेखिका, बायकांवर प्रेम केलेली. पुढे एकदा दोघं गाडीतून सिनेमाला जात असताना ती धीर करून विचारते, ते पुस्तक दिलंस तेव्हा तुला माहीत होतं का. तो म्हणतो अंदाज होता. मग स्वतःबद्दल दोनचार वाक्यं बोलतो, रस्त्याकडे बघत. अख्ख्या पुस्तकात दोघांमधलं उघड बोलणं ते एवढंच.

म्हणजे बघा, तुमच्या भाचीने जे केलंय ते पुस्तकातच आहे. पुस्तक हातात देऊन लिफ्टने पळ काढलाय पोरीने. तिरपागडा म्हणतात तसं थेट विचारू नका हो. थेट विचारलं की माणसाला हो किंवा नाही म्हणावं लागतं आणि तयारी नसेल तर नाहीच म्हणतो, मग ते नाही परत घ्यायला वर्षं जातात. पण गप्प पण बसू नका. गप्प बसलात तर ती समजेल मावशीला आवडलं नाही. पुस्तकाबद्दल बोला. कुंचल्यांनी विचारलंय ना पान कुठलं, तेच तिला सांगा.

आणि बहिणीला सांगू नका. आई-मुलीचं त्या दोघी बघतील. तुम्हाला सांभाळायला दिलेली वस्तू आहे असं समजा.

न्यूजर्सीकरीण

मी पुस्तक नंतर वाचलं, आधी नाटक पाहिलं. म्हणजे म्युझिकल. २०१५ मध्ये ब्रॉडवेला लागलं होतं, त्या वर्षी पाच टोनी अवॉर्ड (इकडचे नाटकांचे मोठे पुरस्कार) मिळाले, बेस्ट म्युझिकल पण. संगीत जनीन टेसोरी आणि गाणी लिसा क्रॉन, संगीताचा टोनी फक्त बायकांच्या जोडीला मिळायची ती पहिलीच वेळ. थिएटर असं की स्टेज मध्ये आणि चारी बाजूंनी आपण, आपल्याकडे अंगणात खेळ लागायचा तसं. एकाच वेळी तीन अ‍ॅलिसन, लहान, कॉलेजातली आणि ४३ वर्षांची मोठी, आणि मोठी बाकी दोघींकडे बघत चित्रं काढतेय.

माझ्याबरोबर सासूबाई होत्या, भारतातून आलेल्या, तिकीट वाया जाऊ नये म्हणून नेलं आणि कथा काय आहे ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं (चूक माझी). पूर्ण वेळ ताठ बसल्या होत्या. माझा जीव मुठीत, आता बाहेर पडल्यावर काय ऐकावं लागणार. ट्रेनमध्ये बसल्यावर बराच वेळ काही नाही, मग म्हणाल्या, पण घर मात्र लखलखीत ठेवतो हं माणूस. आणि मग एडिसन स्टेशन यायच्या आत, त्यांच्या माहेरच्या वाड्यातल्या एका भाडेकरूची गोष्ट सांगितली जी मी इथे लिहिणार नाही. २० वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर आली एवढंच सांगते.

इकडे या पुस्तकावर रणकंदन पण झालेलं आहे बरं का. २००६ मध्येच मिझुरीतल्या मार्शल गावच्या लायब्ररीतून काढा म्हणून लोक उठले होते, नंतर परत ठेवलं. साऊथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या कॉलेजने नव्या मुलांना वाचायला सुचवलं तर २०१४ मध्ये तिथल्या विधिमंडळातल्या मंडळींनी कॉलेजचे ५२ हजार डॉलर कापायचा घाट घातला. चित्रं आहेत ना, त्यामुळे जास्त टोचतं. शब्दांत लिहिलेलं असतं तर अर्ध्यांनी उघडलंच नसतं.

आणि हो, ती सुप्रसिद्ध बेक्डेल टेस्ट यांचीच! १९८५ च्या एका चित्रपट्टीत आहे. सिनेमात दोन तरी बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुषाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल तरी. आपल्या मराठी सिरीयली लावून बघा, बायका दिवसभर एकमेकींशीच बोलतात पण निकाल शून्य.

फोडणी

सिरीयलवाल्यांना त्यातून सूट, कारण तिथे पुरुषाबद्दल नसेल तर मंगळसूत्राबद्दल असतं.

एक विचारू का, मराठीत असं काही आहे का? चित्रांचं नसलं तरी चालेल.

मुक्कामपोस्ट

आहे की. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी होत्या त्यात. तेव्हाच्या मानाने फारच पुढचं, शेवट मात्र मला सोसत नाही. आणि सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्लू', योगायोग म्हणजे ती पण २००६ चीच. पुण्यातलं घर, भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. तीही तशी घराचीच गोष्ट आहे, जेवणाच्या टेबलावर काहीच बोललं जात नाही अशा घराची.

२००६ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम शाबूत होतं हे लक्षात घ्या. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने दिलासा दिला, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला शेवटी सुटका. आता तुमची भाची २२ ची म्हणजे तेव्हा शाळेत असेल. मला या पोरांचा हेवा वाटतो आणि काळजीही वाटते, कारण कोर्टाचा निकाल काही घरातल्या टेबलापर्यंत आपोआप येत नाही.

कुंचला

चित्रांचं हवं असेल तर अमृता पाटील, गोव्यात वाढलेली चित्रकार. तिचं पहिलं ग्राफिक नॉव्हेल २००८ चं, इंग्रजीत आहे, नायिका अशीच आणि शहर मुंबईसारखं, गटारं आणि धुरकट आभाळ. मराठीत थेट असं आत्मचरित्र कुणी काढलेलं माझ्या तरी बघण्यात नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने सुरू केलं होतं, १२ पानं काढली, फार सुंदर. मग म्हणाली सर, आईचा चेहरा काढता येत नाहीये. येत होता खरं तर, हात चांगला आहे तिचा. मी काही बोललो नाही.

तिरपागडा

मुक्कामपोस्ट, 'मुद्दा ४ वाचला' वाचून मी जरा उठून बाल्कनीत जाऊन आलो. थेट विचारा हा सल्ला मागे घेतो. मास्तरबद्दलचं मत तसंच आहे, ते मागे घेत नाही.

मावशी_डोंबिवलीकर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस काहीच लिहिलं नाही कारण इन्व्हर्टर गेला होता आणि शिवाय विचार करत होते.

कुंचला, तुम्ही पान विचारलंत ना. मी गुपचूप परत सगळं पुस्तक चाळलं आणि माझं पान तो फोटो नव्हे, किल्ल्यांचं आहे. ती चार-पाच वर्षांची असताना वडिलांबरोबर फिलाडेल्फियाला जाते आणि एका खानावळीत सामान पोचवणारी एक बाई आत येते, केस पुरुषासारखे कापलेले, कपडे पुरुषाचे, आणि कमरेला हा मोठा किल्ल्यांचा जुडगा. पोरगी तिच्याकडे बघतच राहते. परक्या गावात गावचं माणूस भेटावं तसं. आणि बाप लगेच ताडतो आणि विचारतो तुला असं दिसायचंय का. ती काय म्हणणार, नाही म्हणते.

मला हे पान पहिल्यांदा कळलंच नव्हतं, किल्ल्यांचं एवढं काय. कारण आपल्याकडे कमरेला जुडगा म्हणजे घरची मोठी बाई. माझ्या आजीच्या कमरेला होता, चांदीच्या आकड्याला अडकवलेला, कोठीची, कपाटाची, देवघराची, सगळ्या किल्ल्या. ती माजघरातून चालायला लागली की आवाज आधी यायचा आणि आम्ही पोरं गुळाच्या डब्यापासून पळायचो. आजोबा सुद्धा पैसे लागले तर तिच्याकडे यायचे. मी लहानपणी एकदा सुतळीत जुन्या किल्ल्या ओवून कमरेला बांधून दिवसभर हिंडले होते, सगळे हसले होते आणि कुणीतरी म्हणालं होतं, आतापासूनच सासू व्हायचंय का. मला सासू नव्हतं व्हायचं हो. मला तो आवाज हवा होता.

मग ते पान परत बघितलं आणि म्हटलं अच्छा.

तर मुक्कामपोस्ट म्हणाले तसं, बाकी काहीच विचारलं नाही. रात्री भाचीला व्हॉट्सअ‍ॅप केलं की पुस्तक वाचून झालं, लोकलमध्ये वाचायचं नसतं हे सांगायला हवं होतंस, आणि मला किल्ल्यांचं पान आवडलं, माझ्या आजीच्या कमरेला असाच जुडगा असायचा. निळ्या खुणा लगेच आल्या. टायपिंग असं दिसायचं, बंद व्हायचं, परत दिसायचं. मी तोवर दूध विरजून आले. आले तर एवढंच, 'पणजीच्या??? फोटो आहे का'

फोटो होता, माळ्यावरच्या ट्रंकेत, दुसऱ्या दिवशी यांना शिडीवर चढवून काढला. आजी नऊवारीत खुर्चीत बसलेली, कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की जसा काही फोटोग्राफरनेच गूळ चोरलाय, आणि जुडगा बरोबर मांडीवर. पाठवला. त्यावर तिने बराच वेळ काही नाही आणि मग लाल बदाम सात-आठ. आणि मग, मावशी पुढच्या शनिवारी येऊ का, एक मैत्रीण पण असेल सोबत, चालेल ना.

चालेल म्हटलं. ती कांदा-लसूण खाते का एवढं विचारलं.

बहिणीचा फोन आला होता काल, पोरगी अभ्यास करते का नाही कुणास ठाऊक वगैरे. मी म्हटलं करते गं. हे सोपं नाही जमलं, पण जमलं.

फोडणी

मग, खाते का??

मावशी_डोंबिवलीकर

खाते. आणि मिसळ लागते म्हणे, तर्री वेगळी. मटकी आजच भिजत घातली तर फार लवकर होईल ना?

न्यूजर्सीकरीण

मावशी आज मंगळवार आहे.

मावशी_डोंबिवलीकर

हो, हो. गुरुवारी घालते.